लेकरांचे घर आणि धम्माची कसोटी



दहावीचा निकाल लागला त्या दिवसाची गोष्ट सांगतो. नांदेड जिल्ह्यातील ज्या गावी मी शिक्षक आहे, तेथील वस्तीतून सायंकाळी मला बोलावणे आले. "गुरुजी, पेढा खायाला या." घर ओळखीचे होते. आई, बाप, म्हातारी आजी आणि सहा लेकरे. बाप गवंड्याच्या हाताखाली जातो, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाते. तीन वर्षांपूर्वी या कुटुंबाने धम्मदीक्षा घेतली. घरातले जुने देव गेले, भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आली. दर रविवारी सारे घर त्रिशरण-पंचशील म्हणते. वस्तीत या घराचे नाव चांगले आहे.

आता त्या एका दिवसात त्या घरात काय काय घडले ते पाहा. धाकट्या मुलाला दहावीला ८१ टक्के गुण मिळाले. त्याच्याच वर्गात बसणारा त्याचा थोरला भाऊ गणित आणि इंग्रजी या दोन विषयांत नापास झाला. सकाळी शेंडेफळाचा पहिला दात पडला, तो दात मुठीत घेऊन ते लेकरू घरभर नाचत होते. एक पोर तापाने फणफणली होती. आणि थोरल्या मुलीला, जिचे वय सतरा आहे आणि जिची शाळा आठवीतच सुटली, तिला बघायला पाहुणे येणार असल्याचा निरोप आला होता. ती चुलीपुढे बसून आल्यागेल्याला चहा करीत होती.

मी विचारले, "थोरला कुठे आहे?" बाप म्हणाला, "त्याचं नावच काढू नका, गुरुजी. चार लोकांत मान खाली घालाय लावली त्यानं." आजी कोपऱ्यातून म्हणाली, "सटवाईनं पाचवीला लिहून ठेवलेलं चुकतंय व्हय?" बाप तिला काही बोलला नाही. पोरगा घरामागे, पाण्याच्या टाकीला टेकून अंधारात बसला होता. सकाळपासून तो जेवला नव्हता. पेढ्याचे ताट त्याच्यापर्यंत गेलेच नव्हते.

बंधू-भगिनींनो, माझा तुम्हाला प्रश्न असा आहे की, त्या दिवशी त्या घरात धम्म कुठे होता? भिंतीवर होता, हे खरे. पण ताटात होता काय? चुलीपुढे होता काय? टाकीमागच्या अंधारात होता काय?

ज्यांच्या घरात पाच-सहा-सात लेकरे आहेत त्यांना हे सांगायला नको की, अशा घरात सुख आणि दुःख आळीपाळीने येत नाहीत. ती एकाच दिवशी, एकाच दाराने आत येतात. एक पास होते, एक नापास होते. एक रांगते, एक आजारी पडते, एक सासरी जाते. वंदना पंधरा मिनिटांची असते. बाकीचा सारा दिवस हा असा असतो. म्हणून मी म्हणतो की, गृहस्थाच्या धम्माची खरी कसोटी विहारात होत नाही. ती लेकरांच्या या लहानमोठ्या जय-पराजयाच्या वेळी घरात होते.

आपले जुने घर अशा वेळी काय करीत होते ते आठवा. लेकरू जन्मले की पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, म्हणजे ती येऊन कपाळावर नशीब लिहून जाईल. जावळ काढायचे तर माळेगावच्या खंडोबाला जायचे. लेकरू आजारातून उठले की नवसाची कंदुरी, आणि कंदुरीच्या बकऱ्यासाठी सावकाराचे कर्ज. यश आले तर देवाने दिले. अपयश आले तर कपाळात नव्हते, नाही तर कुणाची तरी नजर लागली. या सगळ्यात लेकरू स्वतः कुठेच नव्हते. त्याने कष्ट केले ते देवाच्या खात्यात जमा झाले, आणि त्याला समजले नाही ते नशिबाच्या नावावर लिहिले गेले.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला बावीस प्रतिज्ञा दिल्या आणि या जोखडातून मोकळे केले. तुमच्यापैकी कुणाच्या आजोबांनी त्या लाटेत दीक्षा घेतली असेल, कुणी गेल्या पाच-दहा वर्षांत घेतली असेल. देव घरातून गेले. पण गेलेल्या देवांच्या जागी आपण काय आणून ठेवले, हे तपासले पाहिजे. मला भीती वाटते की, पुष्कळ घरांत त्या रिकाम्या जागेवर टक्केवारी बसली आहे. पूर्वी नवस होता, आता लातूरचा क्लास आहे. पूर्वी कंदुरीसाठी कर्ज काढीत, आता एका पोराच्या क्लासच्या फीसाठी आणि खोलीच्या भाड्यासाठी काढतात, आणि त्यापायी बाकीच्या चार लेकरांच्या ताटातली भाजी जाते. मी लातूरच्या शिक्षणाची निंदा करीत नाही. तेथे शिकून आपली मुले डॉक्टर झाली आहेत, याचा मला अभिमान आहे. मी विचारतो एवढेच की, एका लेकराची पूजा आणि दुसऱ्याचा बळी ही रीत बदलली का?

या ठिकाणी मी तुम्हाला एका मोठ्या कुटुंबात घेऊन जातो. ते कुटुंब सुभेदार रामजी सकपाळ यांचे. रामजी आणि भीमाबाई यांना चौदा अपत्ये झाली. त्यांतील चौदावे लेकरू म्हणजे १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेले भीमराव. चौदांपैकी जगली वाढली ती पाच. बाळाराम, आनंदराव आणि भीमराव हे तीन मुलगे, मंजुळा आणि तुळसा या दोन मुली. म्हणजे या आईने नऊ लेकरे गमावली. भीमराव लहान असतानाच तीही गेली. अंगाने अपंग असलेल्या मीराबाई या आत्याने या पोरक्या भावंडांना जवळ घेतले.

हे घर काही आदर्शाच्या चौकटीत बसवलेले चित्र नव्हते. तुमच्या-आमच्या घरासारखेच ते होते. रामजींनी दुसरे लग्न केले ते लहान भीमाला रुचले नाही. बापावर अवलंबून राहायचे नाही, मुंबईला पळून जायचे आणि गिरणीत कामाला लागायचे, असे त्या पोराने ठरवले. गाडीभाड्यासाठी त्याने आत्याच्या कमरेचा बटवा चोरायचे ठरवले. तीन रात्री प्रयत्न केला, चौथ्या रात्री बटवा हाती आला. त्यात निघाला अवघा अर्धा आणा. त्या अर्ध्या आण्याची त्याला लाज वाटली, आणि येथून पुढे मन लावून शिकायचे असे त्याने ठरवले. ही गोष्ट बाबासाहेबांनी स्वतः सांगितलेली आहे, लपवलेली नाही. आपल्या घरातल्या पोराने खिशातले दहा रुपये काढले की आपण त्याला वस्तीभर चोर म्हणत फिरतो. त्या वेळी हा अर्धा आणा आठवावा.

पुढे हे कुटुंब मुंबईला परळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले. त्याच खोलीत स्वयंपाक, तेथेच झोपणे, तेथेच अभ्यास. रामजी स्वतः जागत बसत आणि पहाटे दोनच्या सुमारास भीमाला अभ्यासाला उठवून मग आपण आडवे होत. दोन्ही मुलांना शिकवणे पेन्शनीत बसेना, तेव्हा आनंदरावांना शाळा सोडून नोकरीला लागावे लागले. भीमाला पुस्तक हवे असे आणि घरात पैसे नसत, तेव्हा रामजी धाकट्या लेकीच्या घरी जात आणि उसने मागत. तिच्याजवळ नसले तर थोरल्या लेकीकडे जात. तिच्या लग्नात घातलेला एखादा दागिना मागून घेत, तो गहाण ठेवत आणि पुस्तक आणत. पेन्शन हाती आली की दागिना सोडवून लेकीला परत देत.

हे शेवटचे वाक्य पुन्हा वाचा. दागिना सोडवून लेकीला परत देत. माझ्या आजच्या सांगण्याचा गाभा या एका कृतीत आहे.

१९०७ मध्ये भीमराव मॅट्रिक पास झाले. गुण किती? ७५० पैकी २८२. म्हणजे शंभरात अडतीससुद्धा नाहीत. आजच्या आपल्या घरात हा निकाल लागला असता तर त्या पोराला कुणी पेढा दिला असता काय? पण त्या वेळच्या समाजाने हे यश त्याच्या खऱ्या मापाने मोजले. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली सत्काराची सभा झाली. कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी आपण लिहिलेले गौतम बुद्धांचे चरित्र त्या मुलाच्या हाती दिले. पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडून महिना पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली.

पाहा, एका मोठ्या कुटुंबातल्या एका मुलाचा निकाल लागला, आणि त्या निमित्ताने बुद्ध त्या घरात आले. १९५६ च्या दीक्षेची एक वाट त्या सत्कारातून निघाली आहे. त्या पुस्तकापर्यंत मुलाला पोचवणाऱ्यांत कोण कोण होते? जागणारा बाप होता. शाळा सोडून कामाला गेलेला भाऊ होता. मायेने वाढवणारी आत्या होती. आणि लेण्यांची पेटी उघडणाऱ्या दोन बहिणी होत्या. आपण जयंतीला बाबासाहेबांच्या पदव्या पाठ म्हणतो. मंजुळा आणि तुळसा ही दोन नावे आपल्यापैकी कितीजणांना पाठ आहेत?

हे मी तुम्हाला उपदेश म्हणून सांगतो आहे असे समजू नका. या बाबतीत पहिला गुन्हेगार मीच आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय हा लेख लिहिण्याचा मला अधिकार नाही.

माझा जन्म लातूर जिल्ह्यातील एका खेड्यात सात भावंडांच्या घरात झाला. मी चौथा, अक्का थोरली. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. आमचे गाव केंद्रापासून दूर, म्हणून माणसे वाचली, पण आमच्या मातीच्या घराची एक भिंत बसली. ती उभी करायला वडिलांनी मुकादमाकडून उचल घेतली, आणि ती फेडण्यासाठी माय आणि दादा कोयता घेऊन ऊसतोडीला जाऊ लागले. दिवाळीच्या सुमारास जायचे ते पाडव्याला परत यायचे. आजी होती तोवर आमचे निभावले. अक्का सातवीत असताना आजी वारली. आता धाकट्यांना कोण सांभाळणार? अक्काचे दप्तर खुंटीला लागले ते कायमचे. तिने त्या वर्षी वर्गात दुसरा नंबर काढला होता. ते यश कुणी साजरे केले नाही, कारण त्या दिवशी घरात पीठ नव्हते.

अक्काने आम्हाला भाकरी करून घातल्या, आमचे गृहपाठ करून घेतले. पहाटे मला उठवणारी तीच. सोळाव्या वर्षी तिचे लग्न झाले. ते वय लग्नाचे नव्हते, कायद्यानेही नव्हते आणि धम्मानेही नव्हते. मी बारावी झालो आणि पुढे शिकायला नांदेडला जायचे ठरले तेव्हा घरात पैसे नव्हते. अक्काने लग्नातल्या चांदीच्या तोरड्या पायातून काढून दादांच्या हातावर ठेवल्या. त्या गहाण पडल्या. माझा प्रवेश झाला. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर झालो.

गावात भीमजयंतीला माझा सत्कार झाला. शाल मिळाली, हार मिळाला. मी भाषण केले. बाबासाहेबांचे आभार मानले, गुरुजनांचे मानले, मायबापाचे मानले. त्या मांडवात अक्का बायकांच्या बाजूला पाण्याची कळशी घेऊन फिरत होती. तिचे नाव माझ्या तोंडात आले नाही. आणि तोरड्या? व्याज वाढत गेले, मुदत टळली, त्या बुडाल्या. मला नोकरी लागली, मी गाडी घेतली, घराला पत्रे घातले. तोरड्यांची आठवण कुणाला राहिली नाही. ज्या घरात रामजीबाबांची तसबीर आहे, त्या घरात लेकीचा दागिना बुडाला.

रामजी दागिना सोडवून परत देत, हे मी पुढे बाबासाहेबांच्या चरित्रात वाचले तेव्हा पुस्तक मिटून बराच वेळ बसलो. सुट्टी पडताच अक्काच्या गावी गेलो. बरोबर नव्या तोरड्या नेल्या होत्या. तिने त्या हातात घेऊन पाहिल्या आणि हसून म्हणाली, "आता ह्या घालून मी काय नाचू व्हय रे? मला द्यायचंच असंल तर माझी शाळा दे की." मला काही बोलता येईना. इतकी वर्षे त्या बाईच्या मनात खुंटीचे दप्तर तसेच लोंबत होते, आणि मी, शाळामास्तर, तिला कधी विचारले नव्हते.

मग सतरा नंबरचा फॉर्म भरून, बाहेरून बसणारी विद्यार्थिनी म्हणून, चाळिशी ओलांडलेली माझी अक्का यंदा दहावीला बसली. दिवसा सोयाबीनच्या रानात आणि रात्री पुस्तकात. अकरावीतली तिची लेक तिला शिकवीत होती. निकाल काय लागला? चार विषय सुटले. गणित आणि इंग्रजी राहिले. म्हणजे निकालाच्या सायंकाळी मी त्या घरी पेढा हातात धरून बसलो होतो, तेव्हा दुपारीच माझ्याच घरातही तसाच निकाल लागलेला होता.

म्हणून मी ताटातले दोन पेढे उचलले आणि टाकीमागे त्या पोराजवळ जाऊन बसलो. त्याला चुल्लपंथकाची गोष्ट सांगितली. तीच तुम्हाला सांगतो.

भगवंतांच्या संघात दोन सख्खे भाऊ भिक्खू होते. थोरला महापंथक बुद्धिमान. धाकटा चुल्लपंथक मंद. चार महिने झाले तरी त्याला एक गाथा पाठ होईना. थोरला भाऊ रागावला आणि त्याने त्याला विहार सोडून जायला सांगितले. त्याच सुमारास जीवक वैद्याने संघाला भोजनाचे आमंत्रण दिले. आमंत्रितांची मोजदाद महापंथकाकडे होती. त्याने सगळे भिक्खू मोजले आणि आपला भाऊ तेवढा वगळला. टाकीमागे बसलेल्या या पोरासारखाच तोही जेवणाच्या मोजणीतून सुटला.

पहाटे चुल्लपंथक निघाला तेव्हा वाटेत भगवान बुद्ध उभे होते. त्यांनी त्याला बोल लावला नाही, भावाशी तुलना केली नाही. हाताला धरून परत आणले. पांढऱ्या कापडाचा एक स्वच्छ तुकडा हाती दिला आणि सांगितले की, तोंड पूर्वेकडे करून हे हातात चोळत राहा आणि मळ निघो, मळ निघो असे मनात म्हण. चोळता चोळता कापड मळले. स्वच्छ वस्तू कशी मळते, कशी बदलते हे त्याने डोळ्यांनी पाहिले आणि त्यातून अनित्यता त्याला उमगली. जे गाथेतून कळले नव्हते ते हाताच्या कामातून कळले. तिकडे भोजनाच्या जागी भगवंतांनी आपल्या पात्रावर हात ठेवला आणि विहारात कुणी राहिले आहे काय, असे विचारले. मागे राहिलेल्याला बोलावून आणल्यावरच भोजन झाले, आणि भोजनानंतरचा उपदेशही त्यांनी चुल्लपंथकालाच करायला सांगितला.

या गोष्टीचा अर्थ मंद मुलाला सोडून द्या असा नाही, आणि कसेही करून त्याला पहिला आणा असाही नाही. अपयशाला कारण असते आणि कारण शोधून बदलता येते, हा तथागतांचा कार्यकारणभाव आहे. सटवाईच्या लिखाणाचे उत्तर हेच. मी त्या पोराला विचारले तेव्हा कळले की, त्याची गणिताची गाडी पाचवीतच अपूर्णांकांपाशी अडली होती. त्या वर्षी आईबाप कामासाठी हैदराबादकडे गेले होते आणि त्यांच्याबरोबर तो चार महिने शाळेबाहेर होता. पाच वर्षे त्याला कुणी विचारले नाही. यात कपाळ कुठे आले? दहावीला नापास झालेल्यांसाठी थोड्याच आठवड्यांत पुरवणी परीक्षा असते. एक-दोन विषय राहिले तरी अकरावीला प्रवेश मिळण्याची सवलत आहे. हे बापाला माहीत नव्हते. त्याला वाटले, वर्ष गेले आणि अब्रूही गेली.

भगिनींनो, काही आघात मात्र असे असतात की त्यांत कुणाचाच दोष नसतो. बाबासाहेब आणि माता रमाई यांनी चार लेकरे मातीआड केली. एकटे यशवंतराव वाचले. बाबासाहेबांसारख्या पुरुषालाही जुलै १९२६ मध्ये राजरत्न गेल्यावर ते दुःख पेलले नाही. म्हणून लेकरू आजारी पडले तर त्याच्या आईला बोल लावू नका. नजर उतरवू नका, अंगारा लावू नका, सरकारी दवाखान्यात न्या. मेलेले लेकरू कडेवर घेऊन आलेल्या किसा गोतमीला भगवंतांनी तू काय पाप केलेस, असे विचारले नाही. ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मूठभर मोहरी आणायला सांगितले. घराघरांत फिरून तिला दिसले की दुःख तिच्या एकटीचे नाही. शोकाच्या घरात आपले काम एवढेच, तिच्याजवळ बसायचे.

राजगृहात सिगाल नावाचा तरुण रोज सकाळी सहा दिशांना हात जोडीत असे. भगवंतांनी त्याला सांगितले की, खरी पूर्व दिशा म्हणजे मायबाप. आणि मायबापांनाही पाच कर्तव्ये सांगितली. लेकरांना वाईटापासून परावृत्त करावे, चांगल्याला लावावे, विद्या किंवा हुन्नर शिकवावा, योग्य वेळी योग्य ठिकाणी लग्न करून द्यावे, आणि वेळेवर त्यांचा वाटा त्यांच्या हाती द्यावा. लेकरे म्हटले आहे, ध्यानात ठेवा. त्यात थोरली पोर आली, नापास झालेला आला, शेंडेफळ आले. सर्व माणसे समान मानीन आणि समतेसाठी झटेन, अशी प्रतिज्ञा आपण घेतली. ती समता आधी आपल्या चुलीजवळ मागा.

मग करावे काय? मला सुचले ते सांगतो.

घरात प्रत्येक लेकराची पाळी येऊ द्या. एकाचा निकाल, दुसरीची पहिली गोल भाकरी, तिसऱ्याचा पडलेला दात, चौथीने वाचलेले पहिले पान. रविवारच्या वंदनेनंतर त्याचे नाव घ्या आणि सगळ्यांना गूळ वाटा. गुळाला कर्ज लागत नाही.

निकालाच्या दिवशी पेढ्याचे ताट फिरवण्याआधी सगळे घर एकत्र बसवा. जो मागे राहिला त्याला बोलावून आणल्याशिवाय तोंड गोड करू नका.

एकाच्या शिक्षणासाठी दुसऱ्याने काही सोडले असेल तर ते वहीत लिहून ठेवा. कुणी शाळा सोडली, कुणी दागिना दिला, कुणी मजुरी दिली. ज्याला नोकरी लागेल त्याने आधी ती वही उघडावी. दागिना सोडवून द्यावा, सुटलेली शाळा पुन्हा धरून द्यावी.

मुलीचे लग्न अठराच्या आत नाही, आणि अठरानंतरही तिला विचारल्याशिवाय नाही.

आणि कर्ज काढण्याआधी हक्काचे मागा. शासकीय वसतिगृहे आहेत. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे. भारत सरकारची शिष्यवृत्ती आहे. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांना १९९० च्या दुरुस्तीने केंद्राच्याही सवलती खुल्या झाल्या. दीक्षा घेतल्याने लेकरांचा हक्क बुडतो, ही कुणी घातलेली भीती मनातून काढा. मराठवाड्यात शिक्षणाचे मोल आपल्याला नव्याने सांगायला नको. १९५० मध्ये बाबासाहेबांनी औरंगाबादला महाविद्यालय काढले तेव्हा आपल्या मुलांना उच्च शिक्षणाचे दार उघडले. १९७८ मध्ये विद्यापीठाला त्यांचे नाव देण्याचा ठराव झाला म्हणून याच नांदेड भागात आपली घरे जळाली, माणसे मारली गेली, आणि १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार होईपर्यंत आपला समाज झुंजला. ज्या समाजाने एका नावासाठी एवढे सोसले, त्याने आपल्याच घरातल्या एका लेकीचे नाव विसरावे काय?

आता त्या घराची गोष्ट पुरी करतो. पोरगा पेढा खाईना. म्हणाला, "पास झाल्यावर खातो, गुरुजी." मी म्हणालो, "माझी अक्का बी तुझ्यासारखीच दोन विषयांत अडकली. दोघं मिळून बसा परीक्षेला." त्याला ते खरे वाटेना. मी फोन लावून दिला. पलीकडून अक्का म्हणाली, "अपूर्णांकाला भेतोस व्हय रे? मी बी भेते. चल, संगट करू." तो पहिल्यांदा हसला.

मग मी त्याच्या बापाला बाजूला घेतले. पाहुण्यांना आताच नाही म्हणून कळवा, पोरीला आधी तिचे मन विचारा, असे सांगितले. तो गप्प राहिला. पण जाताना मी पाहिले की, त्याने ताटातला एक पेढा उचलला, चुलीपुढे गेला आणि थोरल्या लेकीच्या हातावर ठेवला. तिने तो लगेच खाल्ला नाही. आधी बापाच्या तोंडाकडे पाहिले. बहुधा घरातल्या कुणाच्याही निकालाचा पेढा तिच्यापर्यंत चुलीजवळ चालत येण्याची ती पहिलीच वेळ असावी.

पाहुण्यांचे पुढे काय होते, पुरवणी परीक्षेत काय होते, ते मी आज सांगू शकत नाही. अक्का आणि तो पोरगा रोज रात्री फोनवर गणिते सोडवीत आहेत, एवढे मात्र खरे आहे.

तुमच्या घरातही आज रात्री ताटे वाढली जातील. वाढण्याआधी एकदा मोजून पाहा. कुणी राहिले तर नाही ना?

जय भीम! नमो बुद्धाय!